फ्लूची लस : घरात आधी कोणाला?

(एप्रिल महिन्यात सोसायटीच्या महिला मंडळासमोर केलेलं भाषण)



आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी पाड्यापाड्यांवर लसी देण्यात गेली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. गोवर, पोलिओच्या लशीबद्दल तुम्ही मला कधी विचारत नाही. फ्लूच्या लशीबद्दल मात्र जिन्यात गाठून विचारता, "घ्यायची का हो?" साहजिक आहे. ती सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात नाही, दरवर्षी घ्यावी लागते आणि खाजगीत एका डोसला दीड-दोन हजार पडतात. सहा माणसांचं घर, पगार एकाचा!

सगळ्यांना जमत असेल तर उत्तमच. नसेल, तर आधी घरातली गरोदर सून. मग साठी ओलांडलेले सासू-सासरे, त्यातही मधुमेह, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेले. मग पाच वर्षांखालची मुलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याची आई आणि त्याला मांडीवर घेणारे यांनी घ्यायची. लहान मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हेही खर्चात धरा. शिफ्टला कंपनीच्या बसने किंवा डहाणू लोकलच्या गर्दीतून विरारकडे जाणारा धडधाकट माणूस शेवटी आला तरी चालेल. पण फ्लू घरात बहुधा तोच आणतो, हे विसरू नका.

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने माणसं गेली, तेव्हा आपण इथे तोंडाला रुमाल बांधून फिरलो. २०१५ पासून राज्य सरकारने गरोदर बायका, मधुमेही आणि रक्तदाबवाल्यांसाठी ही लस मोफत देणं सुरू केलं. साठा नेहमी असतोच असं नाही, पण खिशात हात घालण्याआधी सरकारी दवाखान्यात चौकशी करायला काय जातं?

"लस घेतली तरी सर्दी झालीच," असं ऐकते. अहो, साधी सर्दी वेगळी, फ्लू वेगळा. लस चांगली जुळली तर फ्लूची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. शंभर टक्के नाही, पण झालाच तर दवाखान्यात भरती व्हायची पाळी सहसा टळते. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, एवढंच.

आणि बोईसरकरांची जुनी सवय : खोकला आला की "एमआयडीसीची हवा!" हवेचा त्रास आहेच, मी नाही म्हणत नाही. पण एकाएकी सणकून ताप, अंग मोडून येणं आणि धाप असेल, तर हवेवर ढकलून घरी बसू नका.

विषाणू रूप बदलतो म्हणून लसही बदलते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लशीचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून ती मे महिन्यात घ्या. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे, तेव्हा फ्रिजला बॅकअप आहे का, हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा.

मागे मघापासून कोणाचा तरी हात वर आहे. विचारा.