ओढ चार चाकांची, भरवसा ब्रेकचा

पांचगणीहून पसरणीचा घाट उतरणारी किंवा शिराळ्याच्या डोंगरवाडीतून चिखल तुडवीत येणारी जीप आपण पाहिलेली आहे. अशा काही गाड्यांत इंजिनाची ओढ चारही चाकांना मिळते. ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ म्हणतात ती हीच. तिच्या मालकाला वाटते, चढताना घसरत नाही, तेव्हा उतरताना थांबेलही झटकन! पण हा समज घात करणारा आहे. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. ओढ चढायच्या कामी येते, थांबवतो तो ब्रेक. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला अंतर जवळजवळ चौपट लागते.

म्हणून तपासणीला महत्त्व. भाड्याच्या प्रवासी व मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. घरच्या गाडीची तपासणी १५ वर्षांनी, नोंदणी नवी करताना होते.

ब्रेक तपासायचे एक यंत्र रोलरचे असते. एका आसाची दोन चाके रोलरवर उभी करतात. रोलर विजेवर फिरतात, चालक ब्रेक दाबतो आणि कोणते चाक किती जोराने अडते, ते काटा दाखवतो. आता फोर-व्हीलची दांडी गुंतलेली असली तर काय होईल? रोलरवरची चाके फिरली, की जमिनीवरची चाकेही फिरू पाहतील. गाडी रोलरवरून उडी घेईल, नाहीतर आतले दाते मोडतील. आकडाही खरा येणार नाही.

तेव्हा तपासनिसांना आधीच सांगा, “साहेब, गाडी फोर-व्हील आहे.” दांडी टू-व्हीलवर टाकता येत असेल तर टाका. काही गाड्यांत ओढ कायमची चारही चाकांना असते, ती सोडवता येत नाही. अशा गाडीसाठी डावा-उजवा रोलर उलटसुलट फिरवणारे यंत्र असते. त्यात मधला दांडा फिरतच नाही. नाहीतर मोकळ्या रस्त्यावर वेग किती झपाट्याने उतरतो, ते उपकरणाने मोजतात. गाडीच्या पुस्तकात काय सांगितले आहे, तेही पाहावे.

जुन्या जीपवाल्यांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या विलीज जीपसारख्या गाड्यांत हँडब्रेक चाकांना नसून मागच्या दांड्याला असे. मागचे एक चाक जॅकवर उचलले, की ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी उताराला लागते. चाक बदलण्याआधी दुसऱ्या चाकांना दगड लावा, मगच जॅक लावा. खाली माणूस असतो, हे विसरू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना सहलीला नेताना गाडीवाल्याकडे दाखला मागा. मागायला संकोच कसला? पण दाखला म्हणजे त्या दिवसाची साक्ष. पुढचे महिने ब्रेक झिजतच असतात. म्हणून घाटमाथ्यावर गाडी थांबवून ब्रेक दाबून पाहायला सांगा आणि ज्या गिअरने घाट चढला असता, त्याच गिअरने उतरायला सांगा. नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

दहा मिनिटे उशीर झाला तर होऊ द्या. घरी वाट पाहणाऱ्यांना मुले सुखरूप हवी असतात, वेळेवर नव्हे.