ढिगारा उपसणाऱ्याची झोप
(जळकोट येथे सभासद व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संकटात धावून जाणाऱ्यांच्या मनाचे आरोग्य हा विषय आम्हाला देण्यात आला आहे. विषय मुंबई-पुण्याचा वाटेल, पण तो आपल्याच जिल्ह्यातला आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचा बंदोबस्त करून पोलिसांनी नुकतीच पाठ टेकली होती. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. पोलीस, जवान, डॉक्टर आणि गावोगावचे तरुण ढिगारे उपसू लागले. वरून पाऊस. सरपण पुरेना, म्हणून एकाच चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला.

आम्हीही टिकाव, फावडी आणि भाकरीची गाठोडी घेऊन टेंपोने गेलो होतो. नाकाला रुमाल बांधला तरी वास जाईना. आमच्या स्वतःसाठी नेलेल्या भाकरी तशाच परत आल्या. घरी आल्यावर माळवदाखाली झोपवेना. पण तेव्हा सगळा जिल्हाच अंगणात झोपत होता, त्यामुळे कुणाचे काय बिनसले ते कळलेच नाही.

आमच्यातला एक साथी सर्वांत पुढे होता. परतल्यावर तो रोज पहाटे चारच्या आत दचकून उठू लागला. मग दारू प्यायला लागला. आम्ही बैठक बोलावली, पंचशीलाची आठवण दिली आणि त्याला समितीतून काढले. दारू का पितोस, हे दहादा विचारले. तिथे काय पाहिलेस, हे एकदाही नाही. पुष्कळ वर्षांनी लग्नाच्या पंगतीत तो सहज बोलून गेला, "तुळईखालून आवाज येत होता. तुळई निघेपर्यंत थांबला."

या त्रासाला वैद्यकशास्त्रात नाव आहे. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. पाहिलेले पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, विनाकारण चिडणे, त्या वाटेने जाणेच टाळणे. बहुतेकांचे काही आठवड्यांत निवळते. महिना उलटूनही राहिले तर डॉक्टरला दाखवावे. मात्र कुणाला बसवून खोदून खोदून बोलते करू नये. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकावे आणि योग्य ठिकाणी पोचवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कित्येकजण पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावता. भरतीत उंची मोजतात, छाती मोजतात, धावण्याची वेळ मोजतात. पुढे अपघातातली प्रेते उचलायची, विहिरीतून माणूस काढायचा, हे तुमच्याच वाट्याला येणार. तेव्हा झोप उडाली तर लाजू नका. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आमच्या त्या साथीला आजचे निमंत्रण दिले होते. तो आलेला नाही. सभा संपल्यावर आम्ही चौघे त्याच्या घरी जाणार आहोत. माफी मागायची राहिली आहे.