बिलगणारं लेकरू



सध्या आपल्या चौकातून परतीच्या गाड्या चालल्या आहेत. घाट चढून आलेल्या ट्रॅक्टरमधून भांडी उतरतात, बोचकी उतरतात, मागून बाया उतरतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला गेलेला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, पाच-सहा महिन्यांनी घरी येतो. आजीपाशी ठेवलेलं एखादं लेकरू धावत येऊन आईला बिलगतं आणि पुढं पंधरा दिवस पदर सोडत नाही. दुसरं आईकडं टकमक बघतं आणि आजीच्या मागं दडतं. या दोन लेकरांसाठी मी आज उभा आहे.

त्यांच्या मनाचं बरं चाललंय का, हे ओळखायचं कसं? वजनाला काटा आहे, दंडाला पट्टी आहे. मनाला तसं काही नाही. तिथं लेकराजवळच्या माणसालाच विचारावं लागतं. एडगर डॉल यांनी १९३५ साली अमेरिकेत याच पायावर एक मोजपट्टी केली. नागपूरच्या मालिन यांनी ती भारतीय मुलांसाठी बसवली. पुढं ओरेगॉन विद्यापीठाच्या जेन स्क्वायर्स आणि सहकाऱ्यांनी केवळ भावना आणि वागणुकीसाठी पालकांची प्रश्नावली तयार केली. २०१५ ची तिची आवृत्ती एक महिन्यापासून सहा वर्षांपर्यंत चालते. उत्तरानुसार शून्य, पाच किंवा दहा गुण, आणि ‘याची काळजी वाटते’ अशी खूण केली तर आणखी पाच. बेरीज ठरलेल्या रेषेपुढं गेली की लेकराला नीट तपासायचं. एवढंच. ते निदान नव्हे.

लेकरू वाजवीपेक्षा जास्त बिलगतं का, असंही त्या प्रश्नावलीत विचारतात. आता त्या पहिल्या लेकराच्या आईनं काय लिहावं? ‘नेहमी’ म्हटलं की दहा, काळजीचे पाच. पंधरा गुण झाले, पण पाच महिने आई नव्हती हे कागदाला कुठं कळलं? म्हणूनच प्रश्नावली करणारेही सांगतात की पुढं पाठवण्याआधी घरची परिस्थिती बघा.

आणि उत्तर द्यायचं कुणी? रात्री दचकून उठलेलं लेकरू किती वेळात निवतं, हे काल आलेल्या आईला ठाऊक नसतं. ज्या आजीच्या कुशीत ते झोपलं, तिला असतं. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि आपल्या बोलीत. ‘भावनिक विकास’ म्हणू नका. ‘रुसलं तर कसं समजतं? परकं माणूस आलं की काय करतं?’ असं विचारा. घाईनं विचारलंत तर ती ‘बरं हाय’ म्हणून मोकळी होईल, कारण नातवाला कुणी वेडं म्हणेल याची तिला धास्ती असते.

मात्र सगळा दोष उसाच्या फडावर टाकून गप्प बसू नका. दोन वर्षांचं लेकरू हाक मारल्यावर वळत नसेल, नजर देत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नका, लगेच दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं ठरलेलं आहे. माझं मागणं असं, की एक फेरी कोयता निघण्याआधी व्हावी, दुसरी तो परतल्यावर महिन्याभरानं. बिलगणारं लेकरू तोवर अंगणात खेळायला लागलं का, ते तेव्हा दिसेल.

अंगणवाडीताईंना एक विनंती. लेकराच्या तपासणी कार्डाच्या कोऱ्या बाजूवर दोन तारखा लिहून ठेवा: आई गेली ती, आणि आई आली ती.