तावदानातील वाळू आणि खार



वाचनालयाच्या टेबलावर पडणारा उजेड ज्या तावदानातून येतो, त्या तावदानाकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. डोळ्यांना जाणवू नये हाच काचेचा गुण. मात्र तीच काच कडेने पाहिली तर हिरवट दिसते. हा हिरवेपणा वाळूतील लोहाचा. खिडकीच्या काचेत सुमारे ७२ टक्के भाग सिलिकेचा, म्हणजे गारेच्या वाळूचा असतो. या वाळूत हजारात एक भाग लोहांश राहिला, तरी तो रंगातून बोलतो. म्हणून कोणत्याही नदीकाठची वाळू काचेला चालत नाही. भरूच जिल्ह्यातील राजपारडीची किंवा कणकवली तालुक्यातील कासार्ड्याची पांढरी वाळूदेखील धुऊन, चाळून मगच भट्टीकडे जाते.

वाळू एकटीच वितळवावयाची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ही धग खाली आणणारा पदार्थ म्हणजे सोडा. धुण्याला वापरतात तोच, आणि आपला पापडखार त्याचा भाऊबंद. परंतु सोड्याने एक नवाच दोष उत्पन्न होतो. नुसत्या वाळूची व सोड्याची काच पाण्यापुढे टिकत नाही, ती विरघळू लागते. पावसात विरघळणारे तावदान कोण बसवील? हा दोष चुनखडी काढते, आणि तिच्या जोडीला डोलोमाइट असतो. शिवाय फुटक्या काचेचा चुरा घालतात. तो लवकर वितळतो व इंधन वाचवतो.

यांपैकी वाळू आणि चुनखडी भूमी आयती देते. सोड्याची गोष्ट निराळी. पूर्वी समुद्रकाठच्या खारट वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून तो मिळवीत, सज्जीखार त्यातलाच. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातूनही खार काढीत असत. पण कारखान्याची भूक अशा राखेने भागणारी नव्हे. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. ती गंधकाम्लावर आधारलेली, खर्चिक आणि परिसराची हवा नासविणारी होती. पुढे १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हे यांनी मिठाचे पाणी, अमोनिया आणि चुनखडी भाजून निघणारा कर्बवायू यांच्या योगाने सोडा करण्याचा मार्ग काढला. कृती सोपी वाटते, पण तिची मर्मे परदेशी कारखानदारांनी जिवापाड जपली होती. आपल्याकडे वाळू होती, चुनखडी होती, मीठ तर अमाप होते. आणि तरीही सोडा आगबोटीने येत असे. स्वदेशी काचेचा पुकारा करणाऱ्यांची खरी अडचण ही होती.

बडोदे संस्थानची ग्रंथालये सर्वांना ठाऊक आहेत. त्याच संस्थानच्या पश्चिम टोकाला, द्वारका आणि ओखा यांच्या दरम्यान, ही अडचण दूर करण्याचा जो उद्योग झाला तो मात्र तितकासा ठाऊक नाही. ओखामंडळ हा तुटपुंज्या पावसाचा, खारट प्रदेश. शेतकऱ्याला नकोसा, मिठागराला मात्र सोन्यासारखा. कपिलराम वकील यांनी तेथे १९२७ मध्ये मिठाचा कारखाना काढला. १९३९ मध्ये टाटा केमिकल्स या कंपनीची स्थापना झाली व मीठापूर येथे सोड्याचे काम हाती घेण्यात आले. सयाजीराव महाराज त्याच वर्षी निवर्तले. मीठ दारातच, चुनखडी सौराष्ट्रातलीच. कृतीतील खाचाखोचा मात्र चुकत, दुरुस्त करत स्वतःच शिकाव्या लागल्या.

आणि एक वस्तू तेथे नव्हतीच : गोडे पाणी. जो कोरडेपणा मिठाला अनुकूल, तोच सोड्याच्या मुळावर येणारा. १९६२ च्या अवर्षणात कारखाना बंद पडण्याची वेळ आली. त्या वेळी दरबारी सेठ यांनी गोड्या पाण्याची वाटी-वाटी मोजली, शक्य तेथे समुद्राचे पाणी कामाला लावले आणि भट्ट्या चालू ठेवल्या.