हळदोण्याचा ट्रंपेटवादक

चिक चॉकलेट हे नाव ऐकून श्रोत्यांस मिठाईचाच भास व्हावयाचा! परंतु मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गाजलेल्या जाझवृंदाच्या नायकाचे ते टोपणनाव. मूळचा तो गोव्यातील हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत खरे. पण मुंबईत ते वाजविणाऱ्या गोवेकरांस स्वरलिपी वाचावयास शिकविली ती गावच्या चर्चच्या शाळांनी. प्रार्थनेच्या साथीसाठी तेथे पोरांच्या हाती व्हायोलिन देत. तीच विद्या पुढे चित्रपटांच्या कामी आली. सी. रामचंद्र यांच्या संगीताने नटलेल्या ‘अलबेला’त (१९५१) चिक आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतो. १९६७ त तो वारला. इतर गोवेकर वादकांस मात्र तेवढेही भाग्य क्वचितच लाभले. त्यांचे सूर घरोघर पोहोचले, नावे श्रेयनामावलीत बहुधा आलीच नाहीत.