श्वासाचे यंत्र आणि पोटातील हवा
(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने पोट फुगण्याविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता सत्तरीच्या आसपास आहेत आणि काहींच्या उशाशी श्वासाचे यंत्र आले आहे. आमच्या घरीही यजमान ते वापरतात.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो आणि श्वास वारंवार खंडित होतो. हाच ‘स्लीप ॲप्निया’. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी त्यावर दाबयुक्त हवेचा उपाय मांडला. त्यालाच ‘सीपॅप’ म्हणतात.

मात्र घशातून दोन वाटा फुटतात : पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. अन्ननलिकेच्या मुखाशी असलेले स्नायूंचे कडे एरवी मिटलेले असते. हवेचा दाब त्याला भारी पडला, अथवा झोपेत हवा गिळली गेली, की ती जठरात उतरते. मग सकाळी पोट तट्ट फुगते, ढेकरा येतात, वात सरतो.

या गोष्टी बोलण्याचा आपल्याला संकोच वाटतो. तक्रार मनात राहते आणि यंत्र मुकाट्याने कपाटात जाते. त्याबरोबर खंडित झोप परतते. दिवसा वाहन चालवताना डुलकी लागण्याचा धोकाही परततो.

वास्तविक या त्रासावर उपाय आहेत. यंत्रात रोजच्या वापराची नोंद असते. ती पाहून डॉक्टर दाब कमी करू शकतात किंवा श्वास सोडताना दाब उतरवणारे यंत्र सुचवू शकतात. चोंदलेले नाक, आम्लपित्त आणि सैल मुखवटा यांकडेही लक्ष द्यावे लागते. कुशीवर झोपणे, उशाची बाजू थोडी उंच करणे, रात्री उशिरा भरपेट न जेवणे यांनीही अनेकांना आराम पडतो. दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये. पोटात तीव्र वेदना किंवा सतत उलट्या असल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

आमच्या घरी डॉक्टरांनी दाब बदलून दिला आणि यजमानांची सकाळ पुन्हा सुखाची झाली. त्यासाठी त्यांना केवळ एक वाक्य बोलावे लागले : “डॉक्टर, माझे पोट फुगते.”

न समजल्यास हात वर करून विचारावे, हे आपण याच वर्गांत शिकलात. दवाखान्यातही तो हात खाली ठेवू नका. आणि पालकहो, घरातील वडीलधाऱ्यांचे यंत्र बंद दिसले, तर रागावण्यापूर्वी आपुलकीने कारण विचारा.