नटीचे नाव

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आज आम्हांस येथे बोलावयास उभे केले, याबद्दल त्यांचे आभार मानणे हे आमचे पहिले कर्तव्य होय. आमची विद्वत्ता बेताचीच. संसार सांभाळून हौशी रंगभूमीवर कामे केली, राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने तोंडाला रंग लावला, एवढीच काय ती आमची पुंजी. त्या पुंजीतील चार गोष्टी आपणांपुढे ठेवाव्यात आणि शेवटी एक विनंती करावी, असा मानस आहे.

ज्या नगरीत आज आपण जमलो आहोत, तिचा आणि नटीचा संबंध फार जुना आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. समाज ज्यांना आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवीत होता, त्या स्त्रियांनीसुद्धा या कामास नकार दिला! अखेर उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत झळकला आणि त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशकास हलविला. येथे निघालेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची अल्पवयीन कन्या कमला मोहिनी झाली. भारतीय कथाचित्रपटात स्त्रीची भूमिका स्त्रीने केली, ती प्रथम या मायलेकींनी. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या. पोटासाठी त्यांनी रंगभूमीचा आश्रय घेतला, तेव्हा ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले असे सांगतात. आज त्यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्यांना वाळीत टाकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून ही गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि ती सांगण्याचे योग्य स्थळ हेच होय.

कन्या कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरी पडल्या. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. त्यांनी रंगभूमीवर कामे करून आपले तीन मुलगे वाढविले. त्यांतील चंद्रकांत गोखले नामांकित नट झाले, दोघे तबलावादक झाले. आणि नातू विक्रम गोखले यांना तर आपण सर्वांनी पाहिलेच आहे. कमलाबाईंच्या वृद्धपणी रीना मोहन यांनी त्यांच्यावर एक माहितीपट काढला. त्यात त्या बसल्या जागी जुन्या नाटकांतील उतारे म्हणून दाखवितात. देह थकला, परंतु एकदा अंगी मुरलेली विद्या जात नाही, हे तेथे पाहावयास मिळते.

ही विद्या म्हणजे तरी काय? नटी दुसरी कोणी होते, म्हणजे ती स्वतः नाहीशी होते काय? याचे उत्तरही आम्हांस फाळक्यांच्याच चित्रपटात सापडले. १९१९ सालच्या 'कालियामर्दना'त त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. कथेला आरंभ होण्यापूर्वी दादासाहेब प्रेक्षकांना आधी ती मुलगीच दाखवितात. तिच्या मुद्रेवर एकामागून एक भाव उमटतात आणि त्यानंतर तो चेहरा कृष्णाचा होतो. 'ही आमची मुलगी, आणि हा पाहा कृष्ण,' असे जणू ते निःसंकोचपणे सांगतात. मुलगी लपविली तरच कृष्ण खरा वाटेल, अशी भीती त्यांना वाटली नाही.

आता कीर्तीविषयी. दुर्गाबाई खोटे या मुंबईच्या लाड सॉलिसिटरांच्या सुविद्य कन्या. १९३१ साली त्यांनी 'फरेबी जाल'मध्ये लहानसे काम केले, तेव्हा चांगल्या घरची मुलगी पडद्यावर आली म्हणून केवढा गहजब झाला! पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या आणि तोच समाज त्यांना पाहावयास लोटला. लवकरच पती निवर्तले, पदरी दोन मुलगे होते. त्यांनी काम सोडले नाही. पुढे १९८३ साली त्यांना मिळालेला सर्वोच्च पुरस्कार आमच्या नाशिकच्या दादासाहेबांच्याच नावाचा होता. आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले 'मी दुर्गा खोटे'. ज्या नावापायी बोल ऐकले, तेच त्यांनी पुस्तकाच्या माथी लिहिले.

मुलींनी केवळ कीर्तीच्या मागे लागावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. रतन साळगावकर ही मुलगी हंसा वाडकर या नावाने पडद्यावर आली. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने तिला उदंड लोकप्रियता दिली. पण सुख दिले नाही, हे त्याच नावाच्या तिच्या आत्मकथनात तिने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. टाळ्या नाट्यगृहातच राहतात. घरी परत येतो तो रंग पुसलेला चेहरा, आणि त्याच्याशी आपली ओळख असावी लागते.

ती ओळख आमची आम्हांस कशी पटली, हे सांगून पुरे करतो. १९८२ साली आमचे पहिले नाटक स्पर्धेत उतरले. हस्तपत्रिकेवर आमचे नाव कोणते छापावे, याचा घरात आठ दिवस खल चालला. सासरचे आडनाव नको, कारण नणंदेचे लग्न ठरावयाचे होते. माहेरचे नको, कारण तेथेही धाकट्या बहिणी होत्या. अखेर एक तिसरेच नाव शोधून काढले. त्या नाटकास आम्हांस अभिनयाचे प्रशस्तिपत्र मिळाले. ते ट्रंकेत घडी करून ठेविले, कारण त्यावरील नावाची बाई जगात कोठेच नव्हती. सासूबाई प्रेमळ होत्या. तालमीच्या दिवशी त्या आमच्या वाटणीची भाकरी आधी भाजून ठेवीत आणि विचारीत, "आज तिकडे जायचं ना?" 'नाटक' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत आला नाही.

या सर्वांस आम्ही पुष्कळ वर्षे मनोमन दोष देत होतो. मग मंडळाच्या ज्ञातिसूचीसाठी माहितीपत्रक घरी आले. सासूबाई वारल्या होत्या, नणंदा आपापल्या घरी सुखी होत्या, यजमानांनी पत्रक आमच्याच हाती दिले. 'व्यवसाय अथवा कला' या रकान्यात आम्ही लिहिले, 'गृहिणी'. त्या वेळी आमचा हात कोणी धरला नव्हता. सूची छापून आली, आमची ओळ वाचली, आणि मग उमगले की आता आम्हांस वाळीत टाकणारे दुसरे कोणी उरलेले नाही; ते काम आम्हीच करीत आहोत. गृहिणीपणाची आम्हांस लाज नाही; परंतु ते अर्धेच सत्य होते.

म्हणून आमची विनंती अशी. दरवर्षी आपण शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा गौरव करतो, तो अवश्य करावा. त्याच पंक्तीत रंगभूमीवर काम करणाऱ्या मुलींनाही त्यांच्या स्वतःच्या नावाने बोलावावे. आणि भगिनींनो, सूचीचे नवे पत्रक घरोघरी येईल, तेव्हा तो रकाना घाईने भरू नका. आमचे पत्रक आम्ही आज कार्यवाहांच्या स्वाधीन केले आहे. त्यात 'गृहिणी' हा शब्द आहे, आणि त्याच्यापुढे 'नाट्य-अभिनेत्री' हाही आहे. सोबत त्या जुन्या प्रशस्तिपत्राची प्रत जोडली असून, त्यावरील नाव आमचेच आहे असे खाली लिहून सही केली आहे.